वाफेचा जमाखर्च

नातवाच्या शाळेच्या कोटाच्या आतल्या खिशात ती कांडी सापडली, तेव्हा माझ्या लेकीला आधी ते खुणा करायचे रंगीत पेन वाटले. बोटभर लांबी, फिकट गुलाबी आणि निळा रंग, एका टोकाला चपटे तोंड. वासही छान, थेट पिकलेल्या कलिंगडाचा. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपायची सवय लेकीने तिच्या आईकडून उचलली आहे. तिने ती कांडी ओट्यावर ठेवली आणि मला हाक मारली, "बाबा, जरा इकडे या."

ही गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. आम्ही उभयता लंडनच्या हॅरो या उपनगरात लेकीकडे अडीच महिन्यांसाठी गेलो होतो. नातू पंधरा वर्षांचा. अभ्यासात बरा, क्रिकेटमध्ये जास्त बरा, आजीने केलेल्या थालीपिठावर जीव टाकणारा. त्याच्या खिशात निघालेली वस्तू म्हणजे व्हेप, आपण जिला ई-सिगारेट म्हणतो ती.

"तुम्हीच बोला त्याच्याशी," लेक म्हणाली. "मी बोलले की भांडण होतं. आणि ह्यांनी बोलायचं म्हटलं तर..."

तिने वाक्य पुरे केले नाही, पण अडचण माझ्या लक्षात आली. आमचे जावई रोज रात्री जेवणानंतर मागच्या अंगणात जाऊन त्याच जातीचे एक काळे यंत्र ओढत उभे राहतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढत. यंत्र आले आणि सिगारेट सुटली, याचे घरात सगळ्यांनाच बरे वाटले होते. आता वडील ज्याच्यामुळे सुटले, त्यातच मुलगा अडकला होता. त्यांनी कोणत्या तोंडाने बोलायचे?

खरे तर माझेही तोंड फारसे स्वच्छ नव्हते. ते पुढे सांगतो.

उपदेश नको, हिशेब हवा

अडतीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. अडचणीत आलेल्या कर्जदाराला उपदेश केला, की तो खोटे बोलू लागतो. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून "आपण नुसता हिशेब मांडू" म्हटले, की हळूहळू खरे आकडे बाहेर येतात. म्हणून संध्याकाळी नातू घरी आल्यावर मी त्याला फुफ्फुसे, कर्करोग वगैरे काहीच सांगितले नाही. ते त्याला शाळेत माझ्यापेक्षा चांगले शिकवलेले होते. मी टेबलावर वही ठेवली, शेजारी कांडी ठेवली आणि विचारले, "ही केवढ्याला पडली रे?"

तो गडबडला. ओरडा बसणार म्हणून तयारी करून आला होता. किंमत विचारली जाईल, असे त्याला वाटले नव्हते.

"पाच पौंड, आजोबा. म्हणजे दुकानात पाच. मला सातला मिळते."

एक पौंड म्हणजे तेव्हा सुमारे ११५ रुपये. मी वहीत सात लिहिले आणि म्हणालो, "आता मला हे यंत्र समजावून सांग. मला यातलं काही कळत नाही." हे खरेही होते. पुढचे तीन-चार दिवस आम्ही दोघे आणि मग जावईही या विषयाचा अभ्यास करत होतो. स्टेशनजवळच्या दोन दुकानांत मी एकटा जाऊन भावही विचारून आलो. धोतर-टोपीतला नसलो तरी पांढऱ्या केसांचा गिऱ्हाईक पाहून दुकानदाराला गंमत वाटली असावी. त्याने सगळा माल काढून दाखवला.

काय विकत घेतले नव्हे, काय फेकले

आजच्या रूपातली ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि ती सोडण्यासाठी त्याला काहीतरी हवे होते. तेव्हापासून या यंत्राची शेकडो रूपे निघाली, पण आतला संसार चार वस्तूंचाच आहे. एक बॅटरी. एक तारेचे बारीक वेटोळे, ज्याला कॉइल म्हणतात; ते बॅटरीच्या विजेने तापते. त्या वेटोळ्यातला कापूस. आणि कापसात भिनणारा द्रव. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन मुख्य द्रव्ये, वासासाठी अर्क आणि बहुतेक वेळा निकोटिन. कॉइल तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. तंबाखू जळत नाही, राख होत नाही.

दुकानातल्या फळीवर पाच पौंडांपासून ऐंशी पौंडांपर्यंतची यंत्रे होती. पाचाचे स्वस्त आणि ऐंशीचे महाग असे कोणीही म्हणेल. पण घरी येऊन आकडे मांडल्यावर ध्यानात आले, की इथे 'काय विकत घेतले' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न विचारायचा तो असा, की या चार वस्तूंपैकी आपण कोणती आणि किती दिवसांनी फेकून देतो? सगळा खर्च त्या उत्तरात आहे.

नातवाच्या खिशातली कांडी पहिल्या प्रकारातली, वापरून फेकायची. तिच्यात दोन मिलिलिटर द्रव होता. ब्रिटनमध्ये २०१६ पासून तसा नियमच आहे: निकोटिनयुक्त द्रवाची टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी नको, सुटी बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नको. कांडीवर ६०० झुरके असे छापलेले होते. दोन मिलिलिटर संपले की चारही वस्तू केराच्या टोपलीत. पाच पौंडाला दोन मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरला अडीच पौंड.

दुसरा प्रकार भरलेल्या पॉडचा. बॅटरी आपल्याकडे राहते, ती विजेवर भरता येते. द्रव, कापूस आणि कॉइल असलेली छोटी डबी, म्हणजे पॉड, तेवढी बदलायची. दोन पॉडचे पाकीट सहा पौंडांच्या आसपास. चार मिलिलिटरला सहा, म्हणजे मिलिलिटरला दीड पौंड.

तिसरा प्रकार जावयांचा. यात पॉड रिकामी मिळते, द्रव आपण बाटलीतून भरायचा. यंत्र वीस पौंडांचे. दहा मिलिलिटरची बाटली चार पौंडांना. पॉड तीन पौंडांची, ती आठवड्याला बदलावी लागते, कारण कापूस करपतो आणि चव जळकट होते. द्रव मिलिलिटरला ४० पेन्स आणि त्यात पॉडचा भार धरला तर ५५ पेन्स.

चौथा प्रकार म्हणजे मॉड. हातात मावेल एवढी जड पेटी, बाहेर काढता येणारी बॅटरी, मोठी टाकी. किंमत पन्नासाच्या पुढे. यात एक गंमत आहे. दहा मिलिलिटरचा नियम फक्त निकोटिन असलेल्या द्रवाला लागू. म्हणून दुकानदार बिननिकोटिनचा शंभर मिलिलिटर द्रव मोठ्या बाटलीत, थोडी जागा रिकामी ठेवून विकतो आणि सोबत निकोटिनच्या दोन छोट्या बाटल्या वेगळ्या देतो. गिऱ्हाईकाने घरी जाऊन ते एकत्र हलवायचे. असे १२० मिलिलिटर चौदा पौंडांत होतात. मिलिलिटरला १२ पेन्ससुद्धा नाही.

नातू खूश झाला. "म्हणजे मोठं यंत्रच सगळ्यांत स्वस्त!"

"थांब," मी म्हटले. "गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न काय विचारतात? ॲव्हरेज किती देते?" जावयांचे यंत्र दिवसाला तीन मिलिलिटरही पीत नाही, कारण त्यातल्या द्रवात निकोटिन जास्त असते. मॉडमध्ये निकोटिन कमी आणि वाफ ढगासारखी. दिवसाला दहा मिलिलिटर सहज जातात. लिटरमागे स्वस्त असलेले पेट्रोल जास्त पिणारी गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते. आठवड्याला आठ पौंड द्रवाचे, वर कॉइल. जावयांचा खर्च अकरा, याचा दहा-अकरा. फरक राहिला तो यंत्राच्या सुरुवातीच्या किमतीचा आणि हौसेचा.

पाकिटाचे साडेपाच हजार पौंड

मग आम्ही वार्षिक ताळेबंद मांडला. आधार धरला तो जावयांचाच, आठवड्याला वीस मिलिलिटरचा.

ते सिगारेट ओढत राहिले असते, तर २०२५ मधल्या पंधरा पौंडांच्या पाकिटाने वर्षाला ५,४७५ पौंड गेले असते. रुपयांत सव्वासहा लाखांच्या वर. तेवढाच द्रव फेकायच्या कांड्यांतून ओढला असता, तर आठवड्याला दहा कांड्या, पन्नास पौंड, वर्षाला २,६००. भरलेल्या पॉडमधून ओढला तर १,५६० आणि वर यंत्राची थोडी किंमत. आणि सध्या ते जसे ओढतात तसे धरले, तर आठवड्याला अकरा पौंड, म्हणजे वर्षाला ५७२. यंत्र वर्षात दोनदा बदलले तर आणखी चाळीस. एकूण ६१२.

जावई वही बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ पंधरा हजार पौंड वाचले. पण मग गेले कुठे?"

"तुमच्या घराच्या हप्त्यात," लेक आतून म्हणाली. सगळे हसले. त्या आठवड्यात घरात पहिल्यांदाच हसू आले.

पण हा ताळेबंद ज्याचा होता त्याच्यापुरताच खरा. सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत वाफेचे ६१२ पौंड ही बचत आहे, आणि शरीराच्या दृष्टीनेही इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्ययंत्रणेचे म्हणणे असेच आहे, की धूम्रपानापेक्षा वाफेचा अपाय बराच कमी. म्हणूनच २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी ही यंत्रे फुकट देण्याची योजना जाहीर केली. पण तीच यंत्रणा त्याच दमात सांगते, की जो ओढत नाही त्याने आणि मुलांनी याच्या वाटेला जाऊ नये. कमी अपाय म्हणजे अपाय नाही असे नव्हे, आणि निकोटिनचे व्यसन लागायचे ते लागतेच. नातवाने कधी सिगारेट ओढलेली नव्हती. त्याच्या खात्यात वाचण्यासारखे काही नव्हतेच. त्याच्या बाजूला नुसता खर्च होता.

सुटी सिगारेट

"मग सगळ्यांत महाग जी, तीच मुलं का घेतात?" जावयांनी विचारले.

याचे उत्तर मला हिशेबाशिवाय ठाऊक होते, कारण ते मी स्वतः जगलो आहे.

मी १९८० साली बँकेत लागलो. पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत. त्या काळी कॅशियरच्या टेबलावरसुद्धा ॲशट्रे असायचा. शाखेसमोर पानाची टपरी होती आणि तिच्या खांबाला काथ्याची जळती दोरी टांगलेली असायची. मी कधी पाकीट घेतले नाही. पाकीट घेणे म्हणजे आपण सिगारेट ओढणारे आहोत हे कबूल करणे. मी सुटी घ्यायचो. एक सकाळी, एक चहानंतर, दोन हिशेब जुळला नाही तर. सुटी सिगारेट पाकिटाच्या भावाने पाहिली तर महाग पडायची, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला कळत नव्हते असे नाही. पण ती विकत घेताना मोठी नोट मोडावी लागत नसे. खिशातल्या चिल्लरीत व्यसन बसत होते.

फेकायची कांडी म्हणजे त्या देशातली सुटी सिगारेटच. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ वीस पौंड एकरकमी नसतात, यंत्र घरी चार्जिंगला लावता येत नाही, द्रवाची बाटली दप्तरात सांडते. पाच पौंड मात्र असतात, आणि पुरावा संध्याकाळपर्यंत केराच्या टोपलीत गेलेला असतो. दार स्वस्त ठेवले की आत कितीही महाग असले तरी चालते. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली, ती याच विचाराने. पाकिटावरचे धोक्याचे चित्र सुट्या सिगारेटवर नसते, आणि पोराच्या खिशाला पाकीट झेपत नाही.

स्वस्त दाराचे दुसरे रूप अमेरिकेने पाहिले. २०१५ साली तिथे ज्यूल नावाचे यंत्र बाजारात आले. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे. त्याचे चार पॉड साधारण १६ डॉलरना मिळत आणि एका पॉडमध्ये द्रव असे अवघा ०.७ मिलिलिटर. गुणाकार करून पाहिला तर मिलिलिटरला पावणेसहा डॉलर! आमच्या शाखेत पहिला इंकजेट प्रिंटर आला होता, त्याची मला आठवण झाली. यंत्र किरकोळ किमतीत आणि शाई सोन्याच्या भावाने. शिवाय ज्यूलमधले निकोटिन क्षाराच्या रूपात होते. ते घशाला खरखरत नाही, त्यामुळे नवख्यालाही जास्त मात्रा सहज ओढता येते. अमेरिकेच्या शाळांतून हे लोण पसरले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये आल्ट्रिया या सिगारेट कंपनीने ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा १,२८० कोटी डॉलर देऊन घेतला. चार वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, त्याच हिश्श्याची किंमत आल्ट्रियाच्या पुस्तकात २५ कोटी डॉलर उरली होती. मधल्या काळात तरुण मुलांना ओढल्याबद्दल ज्यूलवर खटल्यांची रांग लागली. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासह सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी तिने ४६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. बँकवाला म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे, की १,२८० कोटींचा तो भाव यंत्राचा नव्हता. ज्यांना सवय लागली आणि जे पुढे वर्षानुवर्षे पॉड घेत राहतील, अशा गिऱ्हाइकांचा तो भाव होता.

जमेची बाजू

चौथ्या दिवशी मी नातवाला म्हटले, "खर्च झाला. आता जमा लिही. आठवड्याला किती मिळतात?"

त्याला आठवड्याला दहा पौंड हातखर्च मिळे. कांड्या तो आठवड्याला दोन घ्यायचा. सात दुणे चौदा. चार पौंडांची तूट दर आठवड्याला. मी पेन्सिल थांबवली आणि काही न बोलता वाट पाहिली. बँकेत हीच वेळ सगळ्यांत अवघड असते.

त्याने खाली बघत लिहायला सुरुवात केली. आजीने पहिल्याच दिवशी खाऊसाठी पाकिटात घालून दिलेले पन्नास पौंड. आणि वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून उसने घेतलेले पस्तीस.

हा मुलगाच त्यांचा पुरवठादार. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालच्यांना व्हेप विकणे हा गुन्हा आहे, म्हणून कोणा मोठ्या भावाकडून तो माल आणायचा. पाचाची वस्तू सातला विकायचा आणि पैसे नसले तर उधार द्यायचा. वर "घाई नाही" असेही म्हणायचा. माझ्या अंगावर काटा आला. शेतकऱ्याला बी-बियाणे उधार देणारा आणि पीकही तोच घेणारा सावकार मी ग्रामीण शाखांतून पुष्कळ पाहिला आहे. तो हॅरोच्या शाळेत गणवेश घालून भेटेल असे वाटले नव्हते.

आजीच्या पाकिटाचा आकडा लिहिताना नातवाचे डोळे भरले. मी ते पाहिले नाही असे दाखवले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही पण ओढायचात ना? आई म्हणते. तुमचा टोटल किती झाला?"

तेव्हा माझ्या लक्षात आले, की दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात आयुष्य घालवलेल्या मी स्वतःचे हे खाते कधी उघडलेच नव्हते. १९८१ ते १९९५, चौदा वर्षे. सुरुवातीला चार, मग दहा, कधी पंधरा. सरासरी दहा धरू. वहीच्या दुसऱ्या पानावर मी गुणाकार केला. ५१,१००. पैशांत तो आकडा मला सांगता येईना, कारण भाव दर वर्षी बदलत गेले. नुसत्या कांड्यांची संख्या पाहूनच आम्ही दोघे गप्प झालो. "आणि एकदम नाही सुटली," मी त्याला सांगितले. "चारदा सोडली, तीनदा परत धरली." हे मी माझ्या लेकीलाही कधी सांगितले नव्हते.

त्या रात्री जावई मुलाला घेऊन अंगणात गेले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पस्तीस पौंड जावयांनी फेडले, पण नातवाच्या हातखर्चातून दर आठवड्याला पाच असे कापून घ्यायचे ठरवून. ती अट नातवानेच घातली. लेकीने शाळेतल्या परिचारिकेशी बोलून वेळ घेतली, कारण हे नुसत्या निश्चयाने होण्यासारखे नाही, हे आता घरातल्या सगळ्यांना मान्य होते.

एक जूननंतर

आम्ही तिथे असतानाच, १ जून २०२५ पासून, साऱ्या ब्रिटनमध्ये फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. मुलांच्या हाती त्या पडतात हे एक कारण, आणि कचरा हे दुसरे. मटेरियल फोकस या संस्थेच्या २०२३ मधल्या अंदाजाप्रमाणे त्या देशात आठवड्याला सुमारे पन्नास लाख फेकायच्या व्हेप केरात जात होत्या. वर्षभरात फेकल्या जाणाऱ्या त्या बॅटऱ्यांतल्या लिथियममधून विजेवर चालणाऱ्या पाच हजार मोटारींच्या बॅटऱ्या होतील, असा त्यांचा हिशेब होता. कांडीतली बॅटरी पुन्हा भरता येण्याजोगीच असते. भरायला भोक तेवढे ठेवलेले नसते. ही किंमत पाच पौंडांत कुठेच धरलेली नव्हती. ती नगरपालिकेच्या कचरागाडीच्या खात्यावर टाकलेली होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दुकानांत जुना माल सवलतीत निघाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा त्याच दुकानात डोकावलो. फळीवर तेच रंग, तीच फळांची चित्रे, किंमतही पाच-सहा पौंडच. फक्त खाली चार्जिंगचे भोक आले होते आणि वरचे पॉड निघत होते. कायद्याने ती आता फेकायची वस्तू राहिली नव्हती. पण सबंध वस्तू आणि दोन सुटे पॉड यांच्या किमतीत फरकच नसेल, तर पॉड बदलायचे कष्ट कोण घेणार?

पुढची पायरी कराची. ब्रिटनच्या सरकारने व्हेपच्या द्रवावर दर दहा मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स असा नवा कर ठरवला आणि त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख नेमली. निकोटिन असो वा नसो, कर सारखाच. त्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर धरला की २ पौंड ६४ पेन्स होतात. आम्ही हाही हिशेब केला. जावयांची चार पौंडांची बाटली पावणेसातच्या घरात जाते, वर्षाला पावणेतीनशे पौंड वाढतात. मॉडवाल्याची चौदा पौंडांची खरेदी पंचेचाळीसच्या वर जाते. आणि दोन मिलिलिटरच्या छोट्या रंगीत यंत्रावर बोजा किती? ५३ पेन्स. सिगारेटवरही त्याच दिवसापासून जादा कर ठेवला आहे, वीसच्या पाकिटाला ४४ पेन्स, म्हणजे लोकांनी परत सिगारेटकडे वळू नये. हेतू चांगला आहे. पण मिलिलिटरवर लावलेला कर जास्त द्रव घेणाऱ्याला लागतो, आणि आमच्या घरापुरते बोलायचे तर तो वडिलांना जड आणि मुलाला हलका पडतो. स्वस्त दार त्याने थोडेच अरुंद होते.

जिथे पावती नाही

जुलैमध्ये पुण्याला परत आलो. आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असे वाचकांना वाटेल. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने वटहुकूम काढून आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळ्यावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे कैद आणि पाच लाख दंड. साठा करणेही गुन्हा.

पण सकाळी फिरायला येणारे माझे एक निवृत्त सहकारी माझी ही कहाणी ऐकून थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या पुतण्याकडे सापडली. कॉलेजजवळ घेतली. अठराशे रुपये." त्यांना मी विचारले, आत किती द्रव होता, निकोटिन किती? त्यांना माहीत नव्हते. पुतण्यालाही नव्हते. छापील किंमत नाही, पावती नाही, डब्यावरचे आकडे खरे की खोटे ते पाहणारे कोणी नाही. आणि आत भलतेच काही असले तर? अमेरिकेत २०१९ साली व्हेपमुळे फुफ्फुसे निकामी होण्याची साथ आली, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा मुख्य संशय बाहेरच्या बाजारात मिळणाऱ्या, गांजातल्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या तेलावर होता. पावती नसलेल्या मालाची किंमत अशीही असू शकते.

बंदी असावी की नसावी, हा वाद मी इथे घालत नाही. ज्या घरात ही वस्तू सापडेल त्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एवढेच लिहितो: आरडाओरडा करण्याआधी एक वही घ्या. वस्तू केवढ्याची, किती दिवस पुरते, पैसे कुठून आले, कोणाचे देणे आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत थांबा. आमच्या घरात खरी गोष्ट तिथेच होती. आणि मुलाने उलटून तुमचा आकडा विचारला, तर तो लपवू नका.

नातवाने ऑगस्टमध्ये फोनवर सांगितले, एकोणीस दिवस झाले. सप्टेंबरमध्ये सांगितले, एकदा चुकली, आता पुन्हा एकपासून मोजतोय. लेकीचा आवाज पडला होता. मी तिला म्हटले, "अगं, तो मोजतोय आणि आपल्याला सांगतोय. मी चौदा वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं." आजीच्या पन्नास पौंडांपैकी वीस त्याने परत पाकिटात घालून ठेवले आहेत. पुढच्या वेळी आम्ही जाऊ तेव्हा उरलेले तीस पुरे करणार म्हणतो. वही मी त्याच्याकडेच ठेवून आलो आहे.